लंडन किती लांब?

बियाण्याची, खताची चौकशी करायला येणारी मंडळी हल्ली मला विमानाचेही विचारतात. पोरे परदेशी गेली, त्याला काय करणार!

मुंबईहून लंडन सरळ रेषेत सुमारे ७२०० किलोमीटर. अंधेरीजवळच्या सहार विमानतळावरून थेट विमानाने जायला दहा तास धरावेत, यायला नऊ. रस्ता तोच, मग फरक का? उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. ओढ्याच्या धारेविरुद्ध चालताना पाय जड होतात, तसेच जाताना विमानाचे होते.

खरा घोटाळा घड्याळाचा. दुपारी एकला सुटलेले विमान लंडनला संध्याकाळी साडेसहाला उतरते. तिकीट पाहून माणूस म्हणतो, साडेपाच तासांचा तर प्रवास! पण तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची आणि पोचण्याची लंडनची असते. तिथले घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेचार तास असते, हिवाळ्यात साडेपाच.

गेल्या मे महिन्यात या हिशेबाने एका घरी मोठा पेच पडला. वडील पहाटे गेले. थोरला मुलगा लंडनला. भावकीत कोणी म्हणाले, "साडेपाच तासांत येतो, दुपारपर्यंत थांबू." मी कागदावर मांडून दाखवले. इथे सकाळचे सहा म्हणजे तिथे रात्रीचा दीड. तिकीट मिळाले ते त्यांच्या रात्री नऊच्या विमानाचे. ते मुंबईत उतरणार दुसऱ्या दिवशी आपल्या साडेदहाला. तपासणी, सामान, मग घाट चढून गाव, म्हणजे दिवेलागण. उन्हाचा तो कडाका! म्हातारीने कागदाकडे पाहिलेही नाही. म्हणाली, "धाकट्याला अग्नी देऊ द्या. थोरला राख सावडायला येईल." तो आला, आणि आईजवळ बराच वेळ नुसता बसून राहिला. भावकीतले कोणी त्याला शब्दाने बोलले नाही.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला निघाले, तेव्हा लोकांना त्याचे केवढे अप्रूप! त्याआधी बोटीत आठवडे जात. आता विमान वेगवान झाले, पण सहारपासून आपल्या उंबऱ्यापर्यंतचे सहा-सात तास काही चुकले नाहीत. ते हिशेबात धरायचे बहुतेकजण विसरतात.

तेव्हा मुलगा येतो म्हणाला, की उतरण्याची वेळ विचारा आणि गावची वेळ आपण काढा. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर व्हिसा किंवा ओसीआय कार्ड तयार आहे का, हेही आधीच विचारून ठेवा. ऐन वेळी तेवढ्यासाठी माणूस तिकडेच अडकतो.