सोमेश्वरनगरचा फोटो

पुण्याहून सोमेश्वरनगरास जावयाचें म्हणजे दिवेघाट चढून सासवड, जेजुरी आणि वाल्हें अशी वाट धरावी लागते. जेजुरीस गाडींतूनच खंडेरायास हात जोडावे, वाल्ह्यास वाल्मीकींचें स्मरण करावें, आणि नीरा गांव मागें टाकून बारामतीच्या रस्त्यास लागावें, तों भूमीचा रंगच पालटतो. तोंवर दोहों बाजूंस माळरान. येथून पुढें ऊस. भाटघरच्या धरणाचें पाणी नीरा डाव्या कालव्यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या बाजूस आलें आणि मोरोपंतांनीं आपल्या हयातींत जें कधीं पाहिलें नसेल असें हिरवें शिवार बारामतीच्या आसमंतांत उभें राहिलें. पुढें सहकारी साखर कारखाना झाला. जवळच करंजे येथें सोमेश्वराचें देवालय आहे. कारखान्याला आणि त्याच्या भोवतालच्या वस्तीला नांव त्या देवाचेंच आहे.

यंदाच्या कार्तिकांत आम्ही सहकुटुंब तेथें गेलों तें देवदर्शनाच्या निमित्तानें. परंतु खरें कारण निराळें होतें. कालव्यालगतच्या आमच्या जुन्या घराची येत्या वैशाखांत वाटणी व्हावयाची आहे. तत्पूर्वीं तीन पिढ्यांचीं तेवीस माणसें त्या घरापुढें एकत्र बसवून एक फोटो काढून ठेवावा, असा मुलांचा आग्रह पडला. वाटणी टळणार नसेल तर फोटो तरी अविभक्त असावा, हा विचार आम्हांसही पटला.

असा फोटो आमच्या घरांत पूर्वीं एकदां निघालेला आहे. माजघराच्या भिंतीवर तो अद्याप आहे; दुसऱ्या महायुद्धाच्या आधींचा. मध्यें खुर्चीवर आमचे आजोबा, पगडी व उपरणें घातलेले, शेजारीं आजी, मागें काका-काकू, पुढें सतरंजीवर मुलें, त्यांत आमचे वडील, दोन्ही मुठी आवळून बसलेले. फोटोवाल्याचा तिकाटण्यावरचा कॅमेरा आणि त्याचें काळें फडकें पाहून ते भ्याले होते, असें ते म्हातारपणींही सांगत. त्या दिवशीं घरांत पुरणपोळी झाली होती. ती केली आत्यानें. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षीं कपाळ पांढरें होऊन माहेरीं परतलेली. फोटोंत ती नाहीं. कोणीं तिला हांकलून लावलें होतें असेंही नाहीं. विधवेनें अशा मंगल प्रसंगीं पुढें यावयाचें नसतें हें तिलाही ठाऊक होतें आणि इतरांनाही, त्यामुळें त्याविषयीं कोणास चकार शब्द बोलावा लागला नाहीं.

याच आत्यानें पुढें आम्हां भावंडांना वाढविलें. रामरक्षा आणि अमरकोशाचे पहिले श्लोक आम्हीं तिच्याच तोंडून शिकलों. ती गेली तेव्हां आम्ही नोकरीस लागून चार वर्षें झालीं होतीं; मित्राचा कॅमेरा मागून आणून घरच्या गाईचे, कालव्याचे, करंज्याच्या देवळाचे फोटो आम्हीं काढले होते. आत्याचा काढावा हें सुचलें नाहीं. आतां आमची धाकटी भगिनी म्हणते कीं आत्याच्या हनुवटीवर गोंदण होतें. आम्हांस तें मुळींच आठवत नाहीं. दोघांपैकीं खरें कोणाचें, हें सांगणारा पुरावा या जगांत उरलेला नाहीं.

छायाचित्राची कला १८३९ सालीं पॅरिसमध्यें जाहीर झाली आणि १८५४ सालीं मुंबईस तिची सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधु डॉक्टर नारायण दाजी हे आरंभींच्या हौशी छायाचित्रकारांपैकीं एक. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वीं गोध्र्यास फोटोचा धंदा करीत असत. फोटो काढला म्हणजे आयुष्य कमी होतें, अशी समजूत त्या काळीं पुष्कळ ठिकाणीं होती. पडद्यांतल्या स्त्रियांकरितां लाला दीनदयाळ यांनीं १८९२ सालीं हैदराबादेस निराळा जनाना स्टुडिओ उघडला आणि त्यावर एक बाईच नेमली. भीति गेली, पडदा बाजूस झाला. आमच्या आत्यासारखीला मात्र फोटो निघत असतां स्वयंपाकघरांतच काम असे.

चित्रांतून माणूस गळण्याची ही तऱ्हा आपल्या वाङ्मयासही अनोळखी नाहीं. उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत लक्ष्मण हा राम व सीता यांना त्यांच्याच चरित्राचीं चित्रें दाखवितो. विवाहाच्या चित्रापाशीं तो सीता दाखवितो, मांडवी दाखवितो, श्रुतकीर्ति दाखवितो, आणि स्वतःच्या पत्नीवरून पुढें सरकतो. सीता हंसून विचारते, ही आणखी एक कोण? लक्ष्मण लाजतो आणि परशुरामाच्या चित्राकडे बोट करून विषय बदलतो. तेथें निदान ऊर्मिला चित्रांत होती, आणि विचारणारी सीताही होती. वर्गांत हा प्रसंग शिकवितांना मुलें हंसत; आम्हीही हंसत असूं.

असो. फोटोची तयारी दोन दिवस चालली होती आणि तिचा सगळा भार आमच्या धाकट्या भावजयीनें उचलला होता. आमचे धाकटे बंधु दोन वर्षांपूर्वीं वारले. बाई मोठी नेटकी. बँकेंत तीस वर्षें हिशेब केलेली. फोटोवाल्याशीं बोलून तिनें सर्व ठरविलें. घर पूर्वाभिमुख, म्हणून सकाळचें ऊन डोळ्यांत येऊन सगळ्यांचे डोळे बारीक होणार; सबब घराची सावली अंगणांत पडल्यावर, साडेतीनच्या सुमारास बसावें. बारीक रेघांचे सदरे कोणीं घालूं नयेत, ते फोटोंत लुकलुकतात. चष्मेवाल्यांनीं मान किंचित् खालीं ठेवावी म्हणजे कांचेवर आकाश चमकत नाहीं. कॅमेरा फार जवळ आणला तर कडेचीं माणसें फुगलेलीं दिसतात, म्हणून फोटोवाल्यानें अंगणापलीकडे कालव्याच्या भरावावर उभें राहावें. आम्हीं एकच सूचना केली, कीं एक प्रत काळ्या-पांढऱ्यांत असावी. कारण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींचे आमचे रंगीत फोटो तांबूस पडून विटले आहेत, आणि आजोबांची पगडी अजून जशीच्या तशी आहे.

दुसरे दिवशीं दुपारीं बसण्याची यादी आमच्या हातीं आली. कोण कोणत्या ओळींत, कोणाच्या मांडीवर कोणतें मूल, सगळें तपशीलवार. सहज मोजून पाहिलीं तों बावीस नांवें. पुन्हां मोजलीं, बावीसच. तिचें स्वतःचें नांव नव्हतें.

विचारलें तर ती म्हणाली, "दादा, कोणी तरी बाहेरून पाहावयास नको का? कोणाचा पदर घसरला, कोणाचें मूल रडलें. शिवाय चहाचें बघायचें आहे." हें ती इतक्या सहजपणें बोलली कीं आम्हांस पुढें शब्द सुचेना. तिला कोणीं वगळलें नव्हतें. ती हळदीकुंकवास जाते, लग्नांत मिरवते. आतां तसें कांहीं आमच्या घरांत राहिलेलें नाहीं, असें आम्ही चारचौघांत मोठ्या अभिमानानें सांगत आलों आहों. आणि दोन दिवस ती यादी घरभर फिरत असतां बावीस माणसांपैकीं एकाच्याही तें ध्यानांत आलें नव्हतें.

आम्हीं यादी आमच्या कुटुंबाच्या हातीं दिली. ती वाचून कुटुंबानें पेन्सिल मागितली, पहिल्या ओळींत आपल्या नांवाशेजारीं जावेचें नांव घातलें आणि म्हणाली, "चहा फोटोवाल्याचा मुलगा करील. मी विचारलें आहे त्याला." तिनें विचारलें नव्हतें, हें आम्हांस ठाऊक होतें. भावजय पुष्कळ वेळ नाहीं नाहीं म्हणत होती. "अगं, मला डाव्या बाजूस कोणी तरी आधार नको का?" असें कुटुंबानें म्हटल्यावर मात्र ती उठली आणि लुगडें बदलावयास आंत गेली.

साडेतीनची वेळ तर टळलीच. बारामतीहून यावयाचा पुतण्या उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेमागें अडकला होता. गळिताचा हंगाम नुकताच सुरू झालेला. ट्रॅक्टर, ट्रक, मध्येंच बीडकडल्या तोडकऱ्यांच्या बैलगाड्या. हवेंत गरम रसाचा गोडसर वास. तो पोंचला तेव्हां पांच वाजत आले होते आणि कार्तिकांतला दिवस सहाच्या आंत मावळतो. मग जी धांदल उडाली तीत तेवीस जणांना कसेंबसें बसविलें. भरावावरून फोटोवाला ओरडत होता, अंगणांत मुलें ओरडत होतीं. चाळीस-एक फोटो निघाले आणि उजेड संपला.

रात्रीं सर्वजण ते फोटो पडद्यावर पाहत बसले. ज्या फोटोंत सगळे चांगले आले होते, त्यांत भावजयीनें मान वळवून एका रडणाऱ्या नातीकडे पाहिलें होतें. तिचा केवळ अंबाडा दिसत होता. दुसऱ्या कित्येकांत ती पुतण्याच्या खांद्याआड गेली होती. तिचा चेहरा नीट, समोर पाहणारा, किंचित् हंसरा, असा एकाच फोटोंत सांपडला. त्यांत आमचे डोळे मिटलेले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, संगणकावर दुसऱ्या फोटोंतले तुमचे डोळे येथें बसवितां येतील, कोणास कळणारही नाहीं." आम्हीं नको म्हटलें.

तोच छापावयास दिला, एक प्रत काळ्या-पांढऱ्यांत. माजघरांतल्या जुन्या फोटोशेजारीं तो लावला आहे. खिळा ठोकतांना भिंतीचा गिलावा थोडा पडला. वैशाखापर्यंत टिकेल एवढा चुना लावून ठेवला आहे.