वऱ्हाड नावाचे दोन फोल्डर

खामगाव, चिखली, मलकापूर, मेहकर. बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या डीटीपीच्या दुकानात लग्नसराई लागली, किंवा १२ जानेवारीच्या जिजाऊ जन्मोत्सवाचे फ्लेक्स सुरू झाले, की एक प्रश्न हमखास कानावर येतो: "याचा फॉन्ट कुठाय?" गिऱ्हाइकाने पेनड्राइव्हवर आणलेली जुनी फाईल उघडते, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. कृतिदेवमध्ये टाइप केलेलं 'बुलढाणा' त्या फॉन्टशिवाय असं दिसतं: सी, क्यू, वाय, मग गणितातली 'पेक्षा लहान'ची खूण, के, टिंब, आणि पुन्हा दोनदा के. त्या फाईलमध्ये बुलढाणा मुळात नसतंच. असतात ते इंग्रजी अक्षरांचे क्रमांक. त्यांना मराठी रूप चढवतो तो फॉन्ट. मग शोधाशोध. डी ड्राइव्हवर 'न्यू फोल्डर', 'मराठी फॉन्ट सगळे', 'मराठी फॉन्ट सगळे नवीन', आणि प्रत्येकात त्याच फायलींच्या आणखी प्रती.

युनिकोडने ही खिचडी मिटवली. फोल्डरांची मात्र नाही. उलट फुकट आणि खुले फॉन्ट आल्यावर ढीग वाढला: २०११ मध्ये सिल ओपन फॉन्ट लायसन्सखाली (ओएफएल) आलेला लोहित, 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता आणि बलू, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, त्याच्या देवनागरी अक्षरांवरून आयआयटी मुंबईत घडलेला शोभिका. एका आज्ञेसरशी हे सगळं उतरवून जागच्या जागी बसवणारी ओपन सोर्स साधनं आहेत. अशा साधनाचा कोड फारसा अवघड नसतो. कस लागतो तो कोणतं फोल्डर कशासाठी हे ठरवताना.

गुगल फॉन्ट्सचं खुलं भांडार उघडून पाहणाऱ्याला पहिल्या फटक्यात गंमत वाटते. वरच्या पातळीवर फॉन्टची विभागणी भाषेने नाही, लिपीने नाही, परवान्याने केलेली आहे: 'ओएफएल', 'अपाचे', 'यूएफएल'. त्यांच्या पोटात प्रत्येक फॉन्ट-कुटुंबाचं एक फोल्डर. नाव लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. आत फॉन्टच्या फायली, परवान्याची प्रत आणि माहितीची एक फाईल. वकिली वाटते खरी ही रचना, पण ती व्यवहाराची आहे. २००७ च्या ओएफएल १.१ ची अट अशी की फॉन्ट पुढे देताना हक्कसूचना आणि परवाना सोबत गेला पाहिजे, वेगळ्या मजकूर-फाईलमध्ये किंवा फॉन्टच्याच माहितीत. परवाना कुठेतरी 'डॉक्स'मध्ये आणि फॉन्ट भलतीकडे, असं असलं की पेनड्राइव्हवर नेताना परवाना हटकून मागे राहतो.

मराठी माणसाला स्वाभाविक वाटणारी विभागणी म्हणजे 'मराठी' आणि 'हिंदी' अशी दोन फोल्डरं. प्रस्तुत लेखकाच्या मते हीच सर्वांत वाईट. राज्य शासनाने २००९ च्या आणि पुन्हा २०२२ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं म्हणून सांगितली. पण नीट बनवलेल्या फॉन्टमध्ये मराठी आणि हिंदी दोन्ही वळणं एकाच फाईलमध्ये असू शकतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला कळवलं की ओपनटाइपची स्थानिक रूपांची सोय पाकळीचा ल पुढे करते. त्यामुळे 'मराठी' फोल्डरातून फॉन्ट घेऊनही ल हिंदी वळणाचा उमटतो तेव्हा चूक बहुधा भाषेच्या सेटिंगमध्ये असते, आणि दोन फोल्डरं केलेला माणूस तोच फॉन्ट दुसऱ्यांदा उतरवतो. लिपीचीही तीच गत. मुक्तामध्ये देवनागरीसोबत रोमनही आहे, मग तो ठेवायचा कुठे? एका कुटुंबाला एकच घर द्यावं; भाषा आणि लिपी माहितीच्या फाईलमध्ये नोंदवाव्यात.

त्या घराचं नाव मराठीत ठेवायचा मोह होतो. तिथे आपलाच ऱ आडवा येतो. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध ऱ, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता. डोळ्याला फरक शून्य. लिनक्सवर मात्र 'वऱ्हाड' नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी सुखाने नांदतात, एकात फॉन्ट आणि दुसरा रिकामा. मॅकच्या जुन्या फाईल-व्यवस्थेत नाव साठवतानाच त्याची फोड होत असे. म्हणून फोल्डरांची नावं साध्या इंग्रजी अक्षरांत आणि पडद्यावर दिसणारं नाव मराठीत, हा मार्ग बरा. नाव बदललं तर जुन्याची नोंदही हवी. मुक्ता आधी 'एक मुक्ता' होता. ती नोंद नसलेलं साधन दोन्ही बसवतं आणि यादीत एकाच फॉन्टची दोन नावं दिसतात.

बसवायची जागा ठरवताना घाई करू नये. लिनक्सवर 'यूएसआर'मधला 'शेअर'मधला फॉन्टचा फोल्डर हा डेबियनसारख्या व्यवस्थेच्या पॅकेजांचा प्रांत. बाहेरच्या साधनाने तिथे हात घालू नये. सगळ्यांसाठीचे फॉन्ट 'यूएसआर लोकल'मध्ये, एकट्याचे त्याच्या 'डॉट लोकल'मध्ये. लिनक्सवर फॉन्ट शोधणारं फॉन्टकॉन्फिग पोटफोल्डर स्वतःच धुंडाळतं, त्यामुळे आतल्या रचनेशी यंत्राला काही सोयरसुतक नाही. ती माणसाच्या सोयीची. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्ट एकट्याच्या खात्यातही बसवता येतो, आणि नुसतं 'इन्स्टॉल' दाबलं तर तसाच बसतो. दुकानात सकाळचा माणूस एका खात्यावर आणि संध्याकाळचा दुसऱ्या, असं असेल तर सकाळचा फॉन्ट संध्याकाळी गायब.

फॉन्टिस्ट या ओपन सोर्स साधनाने यादी आणि कोड यांची फारकत केली आहे. प्रत्येक फॉन्टसाठी छोटी मजकूर-फाईल: कुठून उतरवायचा, फाईल अस्सल आहे हे ताडायचा आकडा, परवाना. उतरवलेली पुडकी एका फोल्डरात, बसवलेले फॉन्ट दुसऱ्यात. पुडक्यांचा फोल्डर केव्हाही रिकामा करावा, काही बिघडत नाही.

अशा साधनात आणखी एक फाईल हवीच, साधनाने स्वतः काय बसवलं त्याची वही. काढताना तिच्यात नोंद असेल तेवढंच काढायचं. दुकानदाराने हाताने टाकलेल्या कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फायली त्या वहीत नसतात, म्हणून साधन त्यांना शिवत नाही. आणि जुन्या पत्रिकांच्या फायली त्या फॉन्टशिवाय वाचता येणार नसल्याने शिवूही नये.