‘ख्रिस्तपुराणा’तील एक मागणी

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तून (१६१६) आपण सहसा मराठीच्या थोरवीच्या ओव्या तेवढ्या वेचतो. नागपुरात एम. ए.च्या वर्गाला हा ग्रंथ शिकवताना मला मात्र त्याच्या आरंभीचा एक प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे. साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विनवतो : आमच्या पूर्वजांची पुराणे तुम्ही निषिद्ध ठरविलीत, मग तशीच दुसरी आम्हांला का रचून देत नाही? सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे त्या मागणीचे उत्तर.

अभ्यासक येथे दोन धर्मपरंपरांचे ‘संमीलन’ पाहतात. ओवीचा बंध, स्वर्गासाठी योजलेला ‘वैकुंठ’ हा शब्द. पुरावा हाताशीच आहे. तथापि, या संज्ञेत दोन्ही पक्ष समबल असल्याचा भास दडलेला असतो. १५६७मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. केळोशीची शांतादुर्गा आणि कुशस्थळीचा मंगेश झुआरीपलीकडे अंत्रुजात गेले. मागे राहिलेल्यांपाशी उरली ती पुराण ऐकण्याची सवय. शिवाय त्यांची मागणीही आपल्यापर्यंत पोचते ती पाद्रीच्याच लेखणीतून. असे असूनही ती केवळ रचनेतील युक्ती आहे, असे मला वाटत नाही. रोमन लिपीतला हा मराठी ग्रंथ १६४९ व १६५४मध्ये पुन्हा छापला गेला. श्रोत्यांवाचून हे घडत नाही.

आमच्या वर्गात बौद्ध कुटुंबांतील विद्यार्थी पुष्कळ. त्यांपैकी एकीने विचारले, “सर, धर्म सोडल्यावर पुराण कशाला हवं?” ऑक्टोबर १९५६मध्ये याच शहरात बावीस प्रतिज्ञांनी जुन्या देवांशी नाते तोडणाऱ्यांची ती नात. तिचा प्रश्न स्वाभाविकच होता. मी तिला बायकांनी जात्यावर गायिलेल्या भीमाच्या ओव्यांची आठवण दिली. देव गेले, छंद राहिलाच की! ती क्षणभर थांबून म्हणाली, “पण त्या आमच्या आज्यांनी स्वतः रचल्या. तुमच्या ब्राह्मणाला मागाव्या लागल्या.”

‘ख्रिस्तपुराणा’चे मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित लंडनला आहे. छापील परंपरेतील पोर्तुगीज शब्दांच्या जागी त्यात अनेकदा संस्कृत शब्द येतात. त्याची चर्चा आजवर मी पाठचिकित्सेचा भाग म्हणूनच करीत असे. आता वर्गात आधी विचारतो : हे शब्द बदलणारा हात मागणाऱ्याचा, की देणाऱ्याचा?