मिसिंग

गाडी फाटकातून आत येण्याआधीच आवाजावरून कळलं, मिसिंग आहे. जुनी डिझेल पिकअप, हौद्यात टोमॅटोचे क्रेट, पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला निघालेली. बोनेट थरथरत होतं आणि बाजूचा आरसा असा हलत होता की मागचं काही दिसूच नये. ड्रायव्हर उतरता उतरता म्हणाला, "मिस्त्री, काल संध्याकाळपर्यंत एकदम मख्खन होती. आज सकाळपासूनच हे."

असं कुणी सांगितलं की मी निम्मा निर्धास्त होतो. पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह, नोझल यांची झीज सहसा एका रात्रीत होत नाही. गाडी आधी धूर मारते, थंडीत स्टार्टिंगला कुरकुरते, चढाला दमते. महिनोन्‌महिने सांगत असते बिचारी. रातोरात बिघडली की पहिला संशय डिझेलच्या वाटेवर घ्यायचा. पाणी, कचरा, नाहीतर हवा.

"काल काही काम केलं होतं का गाडीचं?"

"काहीच नाही."

बरं. मग कान लावला. स्लोला इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडर 400 वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला सहा-सातदा. त्यातला एकच मेला असेल तर खोट ठरावीक ठेक्यात ऐकू येते, लंगड्या बैलाच्या चालीसारखी. इथे ठेकाच नव्हता. चार क्षण सुरळीत, मग दोन गचके, मग रेस आपोआप वर, पुन्हा खाली. तरी खात्रीसाठी 17 नंबरचा पाना घेतला आणि नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट एकेक करून सैल केले. ज्याचा नट सोडल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच बसून आहे. इथे चारही वेळा इंजिन आणखी खचलं. चौघेही कमावते होते. (ही युक्ती जुन्या पंपाच्या गाड्यांपुरतीच. कॉमन रेलच्या चालू इंजिनावर पाइप कधीही सैल करू नका. तिथला दाब 1000 बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.)

नेमका इथेच मी एकदा फसलो होतो. अशीच गाडी, असाच बेताल आवाज. बाहेर कुठे डिझेलचा थेंब नाही, म्हणून पाइप ठीक धरले आणि पंप उतरवून दुरुस्तीला पाठवला. आठ दिवसांनी पंप बसवला, मिसिंग जिथल्या तिथे. टाकीवरच्या रबरी नळीला केसाएवढी चीर निघाली. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, त्यामुळे त्या बाजूची चीर गळत नाही, हवा पिते. बाहेरून कोरडी ठणठणीत. जुनं नोझल उघडायला साधारण 200 बार दाब लागतो, टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभरपट. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पाइपात बुडबुडा असला की पंपाचा रेटा त्यालाच चेपण्यात संपतो आणि नोझलची सुई उचलतच नाही. त्या गिऱ्हाइकाकडून मी मजुरी घेतली नाही, पण पंपाचे पैसे गेले ते गेलेच. नोझल झालं, पंप झाला, मोठं काम दिसलं की हात शिवशिवतात. माझे अजूनही शिवशिवतात.

या वेळी पंपाला हात लावला नाही. पाच लिटरचा डबा बोनेटच्या कडीला टांगला, पारदर्शक नळीने डिझेल थेट पंपाला दिलं आणि परतीची नळी डब्यात सोडली. दोन मिनिटांत इंजिन गरीब गाईसारखं. म्हणजे पंप निर्दोष, दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत. मूळची जोडणी करून तीच पारदर्शक नळी फिल्टरच्या पुढे लावली, तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे. फिल्टरच्या मागे लावली, तर एक नाही.

"फिल्टर कधी बदलला?"

"काल रात्री. घरीच. नवाकोरा टाकलाय."

"मघाशी तर म्हणालास काही काम केलं नाही."

"फिल्टर बदलणं हे काय काम झालं, मिस्त्री?"

फिल्टर नवा होता, बोल्टखालचा तांब्याचा वॉशर मात्र जुनाच, चेपून कडक झालेला. वॉशर बदलला, हातपंप मारून हवा काढली आणि दहाच्या आत टोमॅटो रस्त्याला लागले.

फिल्टर बदलाल तेव्हा वॉशरही नवा घाला. रात्रीच्या वेळी मिळालाच नाही, तर जुना लालबुंद तापवून पाण्यात टाका. तांबं मऊ होतं आणि वेळ निभावते.