दादीच्या पिशवीतल्या दशम्या

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या घरात एकच विषय निघतो, यंदा कुठे जायचं? घरात एकाचा शाळेचा पगार आणि दुसऱ्याचं घरबसल्या शिवणकाम. तीन मुलं आणि दादी. अशा घरात हा प्रश्न फिरण्याचा कमी आणि हिशेबाचा जास्त असतो.

आमच्या लहानपणी एवढा हिशेब लागत नव्हता. पुण्यात सहल म्हणजे सारसबाग आणि शेजारचं पेशवे पार्क. तिथली फुलराणी १९५६ पासून धावते आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची मुलं तिच्यात बसली, त्यांत आम्हीही होतो. वाघ-माकडं पाहून झाली की मोठी खाला गवतावर चादर अंथरायची, वर दस्तरख्वान, आणि मग डबे उघडायचे. बाहेरून विकत घ्यायची ती फक्त भेळ, तीही दोघांत एक. पुढे २००५ पर्यंत तिथले प्राणी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेले आणि आमची मुलं मोठी होईपर्यंत सहलीची व्याख्याही बदलली. आता त्यांना रोलर कोस्टर हवा असतो.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका मोठ्या पार्कात गेलो होतो. तिकिटांसाठी सहा महिने पैसे साठवले होते, पण जेवणाचा विचारच केला नव्हता. दोन वेळचं खाणं, पाण्याच्या बाटल्या, चहा, आइस्क्रीम मिळून संध्याकाळपर्यंत ५,४८० रुपये गेले. त्यात समाधान म्हणावं तर तेही नाही. चिकनच्या पदार्थांबद्दल खात्री नव्हती म्हणून मुलांनी बटाट्याच्या कापांवर दिवस काढला. दादीला शुगर आहे. तिला वेळेवर भाकरी-पोळी मिळाली नाही आणि परतीच्या वाटेवर तिला घाम फुटला. त्या रात्री ठरवलं की पुढच्या वेळी आधी डबा आणि मग तिकीट.

गेल्या मे महिन्यात मुलांच्या हट्टाखातर खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं ठरलं. २०१३ मध्ये सुरू झालेलं हे पार्क पुण्याहून द्रुतगती मार्गाने बोरघाट उतरून खोपोलीला बाहेर पडलं की पालीच्या रस्त्यावर लागतं. बहुतेक मोठ्या पार्कांत बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, हे आता ठाऊक झालं होतं. याचा राग येतो खरा. पण सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२३ मध्ये चित्रपटगृहांच्या बाबतीत मालकाला बाहेरचं खाणं रोखण्याचा अधिकार असल्याचं म्हटलं. त्याबरोबर पिण्याचं पाणी मोफत हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नये, हेही सांगितलं. तेव्हा दारात वाद घालण्यापेक्षा दाराबाहेरचं नियोजन नीट करावं, असं आम्ही ठरवलं.

नियोजन साधं होतं. पोटभर नाश्ता दाराबाहेर, दुपारी एकच जेवण आत आणि तेही शाकाहारी, संध्याकाळचं पुन्हा गाडीत. उन्हाळ्यात खिमा, कबाब, ओली चटणी टिकत नाही, म्हणून त्यांना हात लावला नाही. कणीक दुधात भिजवून तीस दशम्या केल्या. बटाट्याची कोरडी भाजी आणि उकडलेली अंडी सकाळीच संपवायची, तर शेंगदाण्याची आणि लसणीची सुकी चटणी, भाजलेले चणे, खजूर आणि न चिरलेल्या काकड्या संध्याकाळसाठी. मुलांच्या आवडीची म्हणून ईस्ट स्ट्रीटवरून कयानीची श्रुजबेरी बिस्किटं आणली. प्रत्येकाच्या हातात एक रिकामी बाटली, आत भरून घ्यायला. सगळ्या सामानाला ६५० रुपये लागले. आतल्या खर्चासाठी एका पाकिटात २,००० रुपये घातले आणि मुलांना सांगितलं, यातून जे उरेल ते तुमचं.

आता जे सांगायचं आहे ते थोडं लाजेचं आहे. दादीच्या आजारामुळे तिचा डबा आत नेता येईल का, हे आम्ही आधी विचारून घेतलं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवली होती. आदल्या रात्री दादीची पिशवी भरताना आमच्या मनात आलं, दोन दशम्यांच्या जागी तेरा ठेवल्या तर कोण मोजणार आहे? वर दादीचा डबा, खाली फडक्यात गुंडाळलेल्या अकरा दशम्या. दुपारचं जेवणही वाचेल. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, काही बोललो नाही आणि पिशवीची चेन लावली.

पहाटे फज्र पढून निघालो. सुट्टीचा वार टाळल्यामुळे घाटात फारशी गर्दी लागली नाही. साडेनऊला पार्किंगमध्ये गाडीच्या सावलीत चादर टाकली. पंधरा वर्षांची थोरली कुरकुरली, "सगळे बघताहेत, आपण काय एसटी स्टँडवर आहोत का?" तेवढ्यात शेजारच्या गाडीतूनही भाकरी आणि झुणका बाहेर आला. सोलापूरकडचं कुटुंब होतं. त्यांच्या ताईंनी हिरव्या मिरचीचा ठेचा पुढे केला, आम्ही श्रुजबेरी दिली. थोरलीने दोनदा ठेचा मागून घेतला आणि तिची तक्रार तिथेच मिटली.

आवरताना बारा वर्षांच्या मधल्याने दादीची पिशवी उचलली. ती जड लागली म्हणून उघडून पाहिली. "अम्मी, अब्बा, हे सगळं दादीचंच आहे का?" त्याने अगदी सहज विचारलं. आम्हा दोघांपैकी कुणालाही उत्तर देता आलं नाही.

परीक्षेच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या पकडण्यात ज्यांच्या घरातली वीस वर्षं गेली, त्यांनी ही चिठ्ठी आपल्याच आईच्या पिशवीत लपवली होती. बी.एड. करताना शिकलो होतो की मूल ऐकून कमी आणि पाहून जास्त शिकतं. ते वाक्य उत्तरपत्रिकेत लिहून गुण मिळवले होते. त्याचा अर्थ पार्किंगमध्ये कळला.

दादीने फडकं सोडलं, दशम्या बाहेर काढल्या आणि म्हणाली, "मेरा जितना है उतनाच रखो. मेरी बीमारी के नाम पे झूठ मत चलाओ, बेटा." आवाज चढलेला नव्हता, पण आमच्या माना खाली गेल्या. मधल्याला आम्ही सांगितलं, "नाही रे, आमचं चुकलं." त्या अकरा दशम्या गाडीत परत गेल्या.

दारावर त्याच मुलाने सुरक्षारक्षकापुढे स्वतःहून पिशवीची चेन उघडली. दोन दशम्या, एक काकडी, थोडे चणे आणि डॉक्टरांची चिठ्ठी. रक्षकाने पाहिलं, मान हलवली आणि आम्ही आत गेलो. मुलाचा चेहरा निवांत होता. आदल्या रात्रीच्या बेताप्रमाणे गेलो असतो तर त्या वेळी आमचे चेहरे कसे असते, हे आम्हालाच ठाऊक आहे.

दुपारी गर्दी ओसरल्यावर, अडीचच्या सुमारास, जेवलो. दादीने एक वाजताच आपला डबा खाल्ला होता. उरलेल्या पाच जणांत चार थाळ्या घेतल्या आणि ताटात काहीही टाकलं नाही. पाकीट मुलांच्या हातात असल्यामुळे गंमत झाली. दर वेळी आइस्क्रीमसाठी रडणारा धाकटा भाव वाचून म्हणाला, "एकच घेऊ, वाटून खाऊ." संध्याकाळी गाडीपाशी आलो तेव्हा १८० रुपये उरले होते. उन्हाने थकलेल्या मुलांनी चटणी लावून दशम्यांचा फडशा पाडला, त्या अकराही संपल्या. परतीच्या वाटेवर मुलांनी आपल्या पैशांतून सगळ्यांना उसाचा रस पाजला. सहा ग्लास, १२० रुपये. उरलेले ६० तिघांनी वाटून घेतले.

घरी आल्यावर हिशेब मांडला. सामान आणि आतला खर्च मिळून २,४७० रुपये. मागच्या वेळेपेक्षा ३,०१० रुपये कमी. जूनमध्ये तिघांच्या वह्या आणि धाकट्याचं दप्तर त्यातच आलं, अल्हमदुलिल्लाह.

आपल्या दीनमध्ये इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, नापसंत आहे आणि कंजूषीही. मधला रस्ता सांगितला आहे. पण त्या मधल्या रस्त्यावर तिसरीही एक गोष्ट सांभाळावी लागते, हे आम्ही विसरलो होतो. बचत हलाल मार्गानेच व्हायला हवी. थाळीतला घास हलाल आहे का, हे आम्ही दहा वेळा विचारतो. तो घास आत कसा आला, हे मात्र विचारलं नव्हतं.

यंदा तुम्ही मुलांना घेऊन कुठे जाणार असाल, तर दशम्या जरूर करा, रिकाम्या बाटल्या घ्या, नियम आधी विचारून घ्या आणि खर्चाचं पाकीट मुलांच्या हाती द्या. फक्त पिशवी अशी भरा की दारावर कुणीही उघडली तरी चालेल, अगदी आपल्या मुलानेसुद्धा.