स्थळप्रत

जुन्या काळी पत्र टपालपेटीत पडलं की ते लिहिणाऱ्याच्या हातून कायमचं सुटायचं. कागद, शाई, खाडाखोड, सगळं त्या क्षणापासून समोरच्याचं. आपल्याकडे उरायचं ते आठवेल तेवढंच. आठवड्यानं उत्तर यायचं, "तुझं म्हणणं पटलं," आणि आपण डोकं खाजवत बसायचो, आपण नेमकं म्हटलं तरी काय होतं? त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

ई-मेलनं ही रीत मोडली. 'पाठवलेले' नावाच्या कप्प्यात आपला जुना राग, जुनं आर्जव, ऐन वेळी सुचलेली थाप, सगळं तारखेनिशी पडून असतं. त्यामुळे कूटबद्ध ई-मेलकडे वळलेला माणूस एकदा तरी दचकतो. नागपूर खंडपीठात वकिली करणारे माझे एक मित्र अशिलांशी असा पत्रव्यवहार करू लागले. वैशाखातल्या एका दुपारी कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून त्यांनी फोनवर विचारलं, "मीच लिहिलं, मीच पाठवलं, अन् आता मलेच वाचता येत नाही, हे काय लफडं आहे बाप्पा?"

लफडं काहीच नव्हतं. यंत्रानं सांगितलेलं काम चोख केलं होतं. फिल झिमरमन यांनी १९९१ साली पत्रं कूटबद्ध करणारा पीजीपी हा प्रोग्रॅम लोकांच्या हाती दिला, त्यात प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते. जाहीर किल्ली कुणालाही द्यावी, खाजगी कुणालाच देऊ नये. जाहीर किल्लीनं बंद झालेलं उघडतं ते फक्त तिच्या जोडीच्या खाजगी किल्लीनं. दाबलं की लागणाऱ्या कुलपासारखंच हे: लावणाऱ्याकडे किल्ली असावीच लागत नाही. खरं तर मजकूर बंद होतो तो त्या एका पत्रापुरत्या तयार केलेल्या गुप्त किल्लीनं, आणि ती इवलीशी किल्ली पत्र घेणाऱ्याच्या जाहीर किल्लीत गुंडाळून सोबत जाते. पत्र गेलं की पाठवणाऱ्याकडची तिची प्रत पुसली जाते. लेखक स्वतःच्याच मजकुराला परका होतो.

यावरचा उपाय सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेला कुठलाही कारकून सांगेल: स्थळप्रत ठेवा. टाइपरायटरच्या रुळात दोन कागद, मधे कार्बन. वरचा जावक क्रमांक घेऊन बाहेर जाई, खालचा फायलीत बसे. इथेही तेच. ती गुप्त किल्ली आपल्याही जाहीर किल्लीत एकदा गुंडाळायची. मजकुराची दुसरी प्रत होत नाही, पत्राचं वजन काहीशे बाइटांनी वाढतं, इतकंच. जीएनयूपीजी या पीजीपीच्याच वळणाच्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी एका ओळीची सोय आहे, आणि थंडरबर्डसारखे ई-मेलचे प्रोग्रॅम तर न विचारताच हे करतात. मित्राच्या संगणकावर ती ओळ घातली. पुढची पत्रं वाचता येऊ लागली. आधीची गेली ती गेलीच.

पण हा कार्बन फुकट मिळत नाही. स्थळप्रत म्हणजे पत्र उघडण्याची आणखी एक वाट. आपली खाजगी किल्ली आणि तिचा परवलीचा शब्द उद्या कुणाच्या हाती लागला, तर आपल्याला आलेल्या पत्रांबरोबर आपण धाडलेलीही उघडी पडतात. गुपित अशिलाचं, आणि ते फुटायची शक्यता मात्र वकिलाच्या घरात. वाचायचा हक्क हवा असेल तर राखणीचं ओझंही घ्यावं लागतं. वकिलानं ते घ्यायलाच हवं. आपण काय सल्ला दिला होता हे अशिलाला माहीत आणि आपल्याला नाही, अशी वकिली चालत नाही.

बाकीच्यांचं काय? जरा जुन्या पत्रांकडे पाहू. नागपूरजवळच्या चिचोलीत वामनराव गोडबोले यांनी उभारलेल्या संग्रहालयात बाबासाहेब आंबेडकरांच्या वस्तू आहेत, त्यांत एक टाइपरायटरही आहे. तो पाहताना कार्बनच्या प्रती आठवतात. तरीही बाबासाहेबांची कितीतरी पत्रं आज आपण वाचतो ती दादासाहेब गायकवाडांसारख्या सहकाऱ्यांनी, म्हणजे घेणाऱ्यांनी, जपली म्हणून. पलीकडे सेवाग्राम. १९३६ पासून गांधीजी तिथून पत्रं धाडत. त्यांच्या समग्र वाङ्मयाचे शंभर इंग्रजी खंड झाले, ते भरण्यासाठी संपादकांना गावोगावच्या लोकांकडून मूळ पत्रं, त्यांच्या छायाप्रती गोळा कराव्या लागल्या. लिहिणाऱ्याच्या दप्तराइतकाच घेणाऱ्याच्या ट्रंकेवरही इतिहास विसंबून असतो.

म्हणून मी दोन वाटा ठेवल्या आहेत. बँक, मालमत्ता, कोर्टकचेरी यांच्या पत्रांना स्थळप्रत हवीच. तिथे शब्द पुढे आपल्यावर उलटू शकतो आणि आपल्या बाजूनं उभाही राहू शकतो. जिवाभावाच्या माणसाला लिहिताना मात्र तेवढ्या पत्रापुरती स्थळप्रतीची ती ओळ बंद करता येते, आणि मी करतो. आपल्याच गोड शब्दांची उजळणी करायचा मोह टळतो, भांडणात "मी असं म्हटलंच नव्हतं" हे पुराव्यानिशी दाखवायची खुमखुमीही जिरते. काय लिहिलं होतं हे फारच जाणून घ्यावंसं वाटलं तर त्यांनाच विचारावं लागतं, आणि नवं पत्र लिहायला त्याहून चांगलं निमित्त कुठलं?