आलवण

परवा शनिवारी जुने फोटो स्कॅन करत बसलो होतो. त्यात पणजीचा एक निघाला, कृष्णधवल. डोक्यावरून पदर, हात मोकळे. म्हटलं, रंगवून आजीला दाखवू. विधवा म्हणजे पांढरं लुगडं, त्यात विचारायचं काय? हिंदी सिनेमांनी एवढं तरी शिकवलंय!

नव्वदीच्या आजीने स्क्रीनकडे पाहिलं. "ही कोण रे? आई पांढरं कुठे नेसायची? लाल आलवण असायचं तिचं."

लाल! म्हणजे केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवा नेसायच्या ते. आणि मी मारे तिला शुभ्र करून बसलो होतो.

तिकडे राणी व्हिक्टोरिया १८४० मध्ये लग्नात पांढऱ्या झग्यात होती. १८६१ मध्ये अल्बर्ट गेला, त्यानंतर १९०१ मध्ये मरेपर्यंत काळ्यात राहिली. शवपेटीत मात्र पुन्हा पांढरा पोशाख आणि लग्नातली जाळीदार ओढणी. पण ते तिने स्वतः लिहून ठेवलं होतं. पणजीला कुणी विचारलं होतं?

असो. लाल म्हणजे नक्की कुठला, म्हणून आजीसमोर रंगांची पट्टी धरली. बऱ्याच वेळाने तिने एकावर बोट ठेवलं.

"हा. पण जरा विटलेला कर. दोनच होती तिच्याकडे."